लांबी बरोबर, आत सगळी शून्यं: झेडएफएसमधल्या एका रेसचा माग

कॉपी झालेल्या फाइलची लांबी बरोबर, परवानग्या बरोबर, तारीख बरोबर. आत मात्र शून्यं. कधी फाइलचा एखादा तुकडा, कधी पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सगळीच फाइल. सीपी या कॉपी करणाऱ्या कमांडनं एकही तक्रार केलेली नसते, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ओळ नसते, आणि पूलवर, म्हणजे झेडएफएसच्या डिस्कांच्या संचावर, स्क्रब (साठवलेला डेटा निर्दोष आहे का याची तपासणी) चालवला तर तोही निर्दोष निघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएसच्या, म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या मुक्त रूपाच्या, २.२.० आवृत्तीवर हे लक्षण नोंदलं गेलं, जेंटू लिनक्सवर गो भाषेचं पॅकेज बांधून बसवताना.

स्टोरेजमधल्या रेस कंडिशनचा (दोन समांतर कामांच्या वेळा जुळल्या की वर येणाऱ्या दोषाचा) माग कसा काढायचा हे समजून घ्यायला माझ्या मते याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. दुरुस्ती जेमतेम एका अटीची आहे. पण त्या अटीपर्यंत पोचताना आधी चुकीच्या भागावर संशय गेला, एक आवृत्ती त्या संशयावर प्रसिद्ध झाली, आणि खरा दोष कितीतरी जुना निघाला. शिवाय सगळा कोड उघडा आहे, त्यामुळे पुढचं प्रत्येक वाक्य कोणीही सोर्स उघडून ताडून पाहू शकतं.

आधी यंत्रणा, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

झेडएफएस लिहिलेला डेटा लगेच डिस्कवर नेत नाही. बदल मेमरीत जमतात आणि ट्रान्झॅक्शन ग्रुप नावाच्या गठ्ठ्यांतून डिस्कवर जातात. एका वेळी तीन गठ्ठे तीन अवस्थांत असू शकतात: एक नवे बदल स्वीकारतो, एक बंद होत असतो, आणि एक प्रत्यक्ष डिस्कवर लिहिला जात असतो. भार कमी असला तरी साधारण दर ५ सेकंदांनी गठ्ठा पुढे सरकतो. ही मुदत मॉड्यूलच्या पॅरामीटरनं बदलता येते. फाइलची मुख्य नोंद म्हणजे डीनोड. तो बदलला की त्या गठ्ठ्याच्या ‘डर्टी डीनोड’ यादीत लागतो. त्याच वेळी बदललेल्या प्रत्येक ब्लॉकसाठी डीनोडला एक ‘डर्टी रेकॉर्ड’ चिकटतो. म्हणजे ‘या फाइलमध्ये डिस्कवर न गेलेलं काही आहे’ ही एकच वस्तुस्थिती दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलेली असते: यादीतल्या दुव्यात आणि रेकॉर्डच्या साखळीत. हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा दोष इथेच आहे.

आता वाचणाऱ्याची बाजू. फाइलमध्ये डेटा कुठे आहे आणि भोकं (न लिहिलेले, वाचल्यास शून्यं देणारे भाग) कुठे आहेत, हे विचारायला एलसीक या सिस्टीम कॉलचे (कर्नलला केलेल्या विनंतीचे) सीक-डेटा आणि सीक-होल असे दोन प्रकार आहेत. झेडएफएस याचं उत्तर डिस्कवरच्या ब्लॉक पॉइंटरांचं झाड पाहून देतं. ते झाड मेमरीतल्या ताज्या बदलांच्या मागे असतं, म्हणून आधी डीनोड डर्टी आहे का ते तपासलं जातं. डर्टी असेल आणि संबंधित पॅरामीटर चालू असेल, तर चालू गठ्ठा डिस्कवर जाईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पाहायचं. पॅरामीटर बंद असेल तर भोकांची चौकशीच सोडून द्यायची आणि सगळी फाइल डेटानं भरलेली आहे असं उत्तर द्यायचं. दोन्ही वाटा सुरक्षित आहेत, पण ‘डर्टी आहे का’ याचं उत्तर खरं असेल तरच.

आणि तिसरी बाजू, सीपी. ही कमांड ज्या संचात येते त्या कोअरयुटिल्सच्या ९.० आवृत्तीपासून सीपी भोकं शोधायला एलसीक वापरते. त्याआधी ते काम वेगळ्या, मुख्यतः लिनक्सपुरत्या कॉलनं व्हायचं. फाइल विरळ (भोकं असलेली) आहे का याचा पहिला अंदाज ती फाइलनं व्यापलेल्या ब्लॉकांच्या संख्येवरून बांधते: लांबीच्या मानानं ब्लॉक कमी दिसले की फाइल विरळ असावी. झेडएफएसवर नुकत्याच लिहिलेल्या फाइलचे ब्लॉक अजून मोजलेलेच नसतात. त्यामुळे एक मेगाबाइट खच्चून भरलेली ताजी फाइलसुद्धा विरळ वाटते आणि सीपी विचारते, ‘शून्य ऑफसेटपासून पुढे पहिला डेटा कुठे आहे?’ उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं, म्हणजे ईएनएक्सआयओ ही एरर आली, तर सीपीच्या लेखी सगळी फाइल म्हणजे एकच भोक. ती तेवढ्याच लांबीचं भोक नव्या फाइलमध्ये तयार करते आणि काम यशस्वी झालं असं कळवते. तिच्या बाजूनं यात काहीही चूक नाही. फाइल सिस्टीमनं जे सांगितलं ते तिनं मानलं.

रेस नेमकी कुठे आहे

गठ्ठा डिस्कवर नेणारा थ्रेड (समांतर चालणारं काम), म्हणजे सिंक थ्रेड, डर्टी यादी चालत जातो. प्रत्येक डीनोडबाबत तो क्रमानं तीन गोष्टी करतो. डीनोड डर्टी यादीतून काढतो. मग तो ‘सिंक झालेल्या’ डीनोडांच्या यादीत घालतो. वापरकर्त्यांच्या कोट्याचा हिशोब नंतर त्या यादीवरून होतो. आणि मग डीनोडचं प्रत्यक्ष लिखाण सुरू करतो. दोन्ही याद्यांसाठी डीनोडमधला दुवा एकच आहे. त्यामुळे पहिल्या पायरीनंतर आणि दुसरीच्या आधी एक क्षण असा येतो, की डीनोड कुठल्याच यादीत नाही. आवक वहीतली नोंद खोडली, जावक वहीत अजून चढवली नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणी येऊन विचारलं की कागद कार्यालयात आहे का, तर वह्या पाहणारा नाही म्हणेल. कागद मात्र टेबलावरच पडलेला असतो. इथे टेबलावरचा कागद म्हणजे डर्टी रेकॉर्ड. ते अजून तसेच आहेत, कारण लिखाण सुरूच झालेलं नाही.

डर्टीपणा तपासणारं फंक्शन फक्त यादीतला दुवा पाहत होतं. त्या क्षणी दुवा निष्क्रिय दिसतो, म्हणून फाइल स्वच्छ ठरते. मग ब्लॉक पॉइंटरांचं झाड पाहिलं जातं, आणि नव्या फाइलचं झाड रिकामं असतं. उत्तर जातं: डेटा नाही.

इथे कुलपं, म्हणजे इतर थ्रेडना थोपवून धरणारी लॉक, नव्हती असं नाही. एलसीकची वाट पूर्ण फाइलचं रेंज लॉक वाचकाच्या हक्कानं घेते, त्यामुळे लिहिणारी प्रोसेस थांबते. डीनोडच्या रचनेचं लॉकही घेतलेलं असतं. तपासणारं फंक्शन डीनोडचं म्युटेक्स नावाचं लॉकही घेतं. पण सिंक थ्रेड यादी बदलताना यातलं एकही घेत नाही. तो यादीचं स्वतःचं लॉक घेतो, तेही दोन याद्यांसाठी दोनदा वेगवेगळं. ‘लॉक घेतलंय’ एवढं पाहून पुढे जाऊ नये ते यासाठीच. समोरचा थ्रेड तेच लॉक घेतो का, हे कागदावर लिहून काढावं लागतं. एका बाजूला थ्रेड, दुसऱ्या बाजूला त्यानं धरलेली लॉक, आणि मधे ती ज्या फील्डचं रक्षण करतात ती फील्ड. हा तक्ता हातानं भरायला वेळ लागतो, पण स्टोरेजच्या कोडमध्ये त्याला पर्याय मला माहीत नाही.

हा मधला क्षण, म्हणजे ही फट, प्रोसेसरच्या मोजक्या सूचनांची आहे. दुसऱ्या यादीच्या लॉकसाठी थांबावं लागलं तर ती रुंदावते, म्हणून जास्त कोअर आणि जास्त समांतर काम असलेल्या यंत्रावर ती जास्त सापडते. त्यात एक आणखी गोष्ट: डर्टी फाइलवर एलसीक केलं की गठ्ठा बळजबरीनं डिस्कवर पाठवला जातो. म्हणजे ताज्या फाइली कॉपी करणाऱ्या प्रत्येक सीपीमुळे सिंक थ्रेड जागा होतो, आणि तो जागा असतानाच शेजारच्या सीपी आपापले प्रश्न विचारत असतात. वाचकच टक्कर घडवून आणतात.

पहिला संशय आणि तो का चुकला

२.२.० मध्ये ब्लॉक क्लोनिंग हे मोठं नवं वैशिष्ट्य आलं होतं: कॉपी करताना डेटा न हलवता तेच ब्लॉक दोन फाइलींनी वाटून घ्यायचे. कॉपी बिघडते आहे आणि कॉपीचाच कोड नुकताच बदलला आहे, त्यामुळे संशय तिकडे जाणं स्वाभाविक होतं. २.२.१ मध्ये ब्लॉक क्लोनिंग मूळ सेटिंगमध्येच बंद केलं गेलं. खबरदारी म्हणून हा निर्णय योग्यच होता. पण क्लोनिंग बंद असतानाही दोष पुन्हा घडवता आला, मग ज्या २.१ मालिकेत क्लोनिंग नाहीच तिच्यावर घडवता आला, आणि फ्रीबीएसडी १३ व १४ वरही.

रेसमध्ये हे नेहमी होतं. नवा कोड वेळा बदलतो, आणि वेळा बदलल्या की जुना दोष वर येतो. नवं वैशिष्ट्य बंद केल्यावर दोषाचं प्रमाण घटलं, एवढ्यावरून ते वैशिष्ट्य दोषी ठरत नाही. प्रमाण शून्य झालं का, आणि ते वैशिष्ट्य ज्या आवृत्तीत नव्हतंच तिथे काय होतं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. या प्रकरणात तर एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या: लोक फाइल सिस्टीमही नवी घेत होते आणि कोअरयुटिल्सही.

असा दोष समोर आला तर

पहिलं काम शून्यांचा आकार मोजण्याचं. मूळ आणि प्रत सीएमपी कमांडनं बाइट-बाइट ताडून बिघाड कुठल्या ऑफसेटला सुरू होतो आणि कुठे संपतो ते काढा. सीमा ४०९६ च्या पटीत असेल तर पेज कॅशकडे (कर्नलनं मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या प्रतींकडे) पाहा. १२८ किबीबाइटच्या (१,३१,०७२ बाइटच्या) पटीत असेल तर झेडएफएसच्या रेकॉर्ड आकाराकडे, कारण त्याचं मूळ मूल्य तेवढं आहे. ५१२ च्या पटीत पण ४०९६ च्या नाही, असं दिसलं तर ब्लॉक थर किंवा खुद्द डिस्क. सीमा कशाच्याच पटीत नसेल तर बहुधा वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममध्ये दोष आहे. शून्यांऐवजी दुसऱ्याच फाइलचा मजकूर आला असेल, तर प्रकरण पूर्ण वेगळं: तिथे बफर वेळेआधी मोकळा झाल्याचा संशय घ्यावा.

मग ठरवा, वाचन चुकतंय की लिखाण. पूल एक्स्पोर्ट करून पुन्हा इम्पोर्ट करा, म्हणजे मेमरीतलं काही उरणार नाही. नंतरही प्रत शून्यच असेल आणि मूळ फाइल शाबूत असेल, तर डिस्कवर चुकीचंच गेलं आहे. चेकसम (डेटावरून काढलेली पडताळणीची संख्या) इथे मदत करत नाही, कारण तो जे लिहायला दिलं त्यावर काढलेला असतो. चुकीचं दिलं तर चुकीच्याचा चेकसम बरोबर निघतो. स्क्रब निर्दोष असण्याचं कारण हेच.

झेडडीबी या झेडएफएसच्या तपासणी-साधनाला डेटासेटचं (पूलमधल्या फाइल सिस्टीमचं) नाव, फाइलचा आयनोड क्रमांक आणि डी हा पर्याय पाच वेळा दिला की त्या फाइलचे ब्लॉक पॉइंटर दिसतात. तिथे डेटा ब्लॉकच नसतील तर भोक आहे. पण एक सापळा आहे: डेटासेटवर कॉम्प्रेशन चालू असेल तर झेडएफएस निव्वळ शून्यांचा ब्लॉकही भोक म्हणूनच साठवतं. मग कुणी शून्यं लिहिली की कुणी भोक पाडलं, हा फरक पुसला जातो, आणि नेमका तोच फरक आपल्याला हवा असतो. म्हणून चाचणीच्या डेटासेटवर कॉम्प्रेशन आधी बंद करा. हे विसरलं तर पुढचा सगळा तर्क भरकटतो.

पुन्हा घडवण्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. टीएमपीएफएसवर (मेमरीतच राहणाऱ्या फाइल सिस्टीमवर) काही गिगाबाइटची एक फाइल बनवून तिच्यावर पूल उभा करा. यादृच्छिक बाइट देणाऱ्या युरँडम उपकरणातून डीडी कमांडनं एक मेगाबाइटची मूळ फाइल तयार करा. यादृच्छिक डेटात शून्यांची लांब रांग नसते, त्यामुळे बिघाड लगेच ओळखता येतो. मग शून्य क्रमांकाच्या फाइलवरून एक आणि दोन, एकवरून तीन आणि चार, दोनवरून पाच आणि सहा, अशा झाडासारख्या हजारभर प्रती काढा, एका पातळीवरच्या सगळ्या समांतर. प्रत लिहून होताच तीच पुढच्या दोघींची मूळ बनते, म्हणजे ‘आत्ता लिहिली, आत्ताच वाचली’ ही परिस्थिती सतत घडते. शेवटी सगळ्या प्रती शून्य क्रमांकाशी ताडून पाहा. बिघडलेली प्रत पुढच्या पिढ्यांनाही बिघडवते, म्हणून फक्त अशी प्रत धरा जिची आई शाबूत आहे. आईचा क्रमांक मिळवायला एक वजा करून दोननं भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. अशी झाडं कोअर जितके आहेत तितकी किंवा अधिक एकाच वेळी चालवा. टक्कर वाढवायची असेल तर बाजूला झेडपूल सिंक कमांड एका लूपमध्ये फिरत ठेवा.

सीपीपर्यंत माग पोचला की तिला बाजूला काढा. जितके थर कमी तितका पुरावा घट्ट. दोन छोटे प्रोग्रॅम पुरतात. एक नवी फाइल बनवतो, तिच्यात शून्य नसलेले बाइट लिहितो आणि बंद करतो. दुसरा ती लगेच उघडतो, लांबी शून्यापेक्षा जास्त आहे हे पाहतो आणि ऑफसेट शून्यावर सीक-डेटा विचारतो. उत्तर शून्यच यायला हवं. ईएनएक्सआयओ आली की दोष सापडला, कॉपी करायचीही गरज नाही. असा साधा, वादातीत निकष हाती आला की तपासाचा वेग बदलतो, कारण प्रत्येक प्रयोगाला हो किंवा नाही असं उत्तर काही सेकंदांत मिळतं. दुरुस्तीनंतर प्रकल्पाच्या चाचण्यांमध्ये सीकफ्लड नावाचा याच धर्तीचा प्रोग्रॅम घातला गेला, दोष पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून.

चालू यंत्रावर पाहायचं तर एसट्रेस (सिस्टीम कॉल दाखवणारं साधन) जपून वापरा. तो प्रत्येक सिस्टीम कॉलला प्रोसेस थांबवतो आणि अशा अरुंद रेसमध्ये दोष दिसेनासा होतो. बीपीएफट्रेस या कर्नलमध्ये डोकावणाऱ्या साधनानं एलसीकच्या प्रवेशावर आणि परतीवर नजर ठेवणं हलकं पडतं. परतीचं मूल्य उणे ६ असेल तर ती ईएनएक्सआयओ. मात्र केवळ उणे ६ शोधून चालणार नाही: फाइलच्या शेवटी पोचल्यावर सीक-डेटा हेच उत्तर देतं आणि ते अगदी कायदेशीर आहे. रिकाम्या फाइलबाबतही तसंच. म्हणून प्रवेशाच्या वेळी ऑफसेट शून्य आणि प्रकार ३, म्हणजे सीक-डेटा, आहे का ते थ्रेडनिहाय लक्षात ठेवायचं आणि त्याच थ्रेडच्या परतीशी जोडायचं. कर्नलच्या आत पाहायचं असेल तर प्रिंटके (कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन) टाळा. कन्सोलवर लिहिण्यात जाणारा वेळ या फटीच्या कितीतरी पट आहे. एफट्रेस या कर्नलच्या ट्रेसरच्या मेमरीतल्या बफरमध्ये लिहा आणि दोष सापडताच ट्रेस थांबवा, म्हणजे त्याआधीच्या काही मिलिसेकंदांची घटनाक्रमवारी हाती राहते. प्रोब (नजर ठेवणारा कोड) ज्या फंक्शनवर लावताय ते कंपायलरनं इनलाइन केलेलं, म्हणजे हाक मारणाऱ्या कोडमध्येच विरघळवलेलं, नाही ना, हे आधी पाहा. नाहीतर प्रोब लागणारच नाही, किंवा काही ठिकाणच्याच हाका दिसतील आणि घटनाक्रम अर्धवट राहील.

आता निर्णायक प्रयोग. कोड वाचून फट कुठे आहे असा अंदाज बांधला, तर नेमक्या तिथे विलंब घाला. इथे डर्टी यादीतून काढल्यानंतर आणि सिंक यादीत घालण्याआधी यूडिले या थांबवून ठेवणाऱ्या कॉलनं १० मायक्रोसेकंद, मग १००, मग ५००. अंदाज बरोबर असेल तर दोषाचं प्रमाण विलंबाबरोबर चढत जायला हवं. तोच विलंब दोन ओळी खाली, यादीत घातल्यानंतर, ठेवला तर वाढ दिसता कामा नये. ही दुसरी बाजू बरेच जण करत नाहीत आणि तिथेच फसतात, कारण कुठेही विलंब घातला तरी वेळा बदलतातच. प्रमाण वाढलं म्हणजे जागा सापडली असं होत नाही. दोन्ही प्रयोगांची उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली, तरच जागा निश्चित. विलंब घालताना स्पिनलॉक (न झोपता वाट पाहायला लावणारं लॉक) धरलेलं असेल तर झोपणारे कॉल वापरू नका, आणि विलंब फक्त चाचणीच्या डेटासेटपुरता ठेवा, नाहीतर पूर्ण यंत्रच अडकून पडेल.

केसीसॅन हे रेस पकडणारं साधन लिनक्स कर्नलमध्ये ५.८ पासून आहे आणि मी ते आवर्जून चालवायला सांगेन. पण त्याची मर्यादा ओळखून. एकाच मेमरी जागेवर दोन थ्रेडनी समन्वयाशिवाय हात घातला, हे त्याला दिसतं. दोन वेगळ्या फील्डमध्ये मिळून एक अर्थ साठवला आहे आणि त्यातली एकच वाचली गेली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. समजा यादीतून काढणं आणि घालणं या दोन्ही क्रिया त्याच म्युटेक्सखाली, पण वेगवेगळ्या वेळी केल्या असत्या. केसीसॅन समाधानी झालं असतं आणि दोष जसाच्या तसा राहिला असता. लॉकडेप तर लॉकांचा क्रम पाहतं, त्याचा इथे संबंधच नाही.

दुरुस्ती

तीन वाटा होत्या. सिंक थ्रेडनं काढणं आणि घालणं एका लॉकखाली अखंड करायचं. त्यासाठी सर्वाधिक धावपळीच्या मार्गावर प्रत्येक डीनोडमागे आणखी एक लॉक आलं असतं आणि लॉकांचा क्रम नव्यानं तपासावा लागला असता. दुसरी वाट आधी घालून मग काढण्याची. पण दुवा एकच असल्यानं ती शक्यच नाही. तिसरी, तपासताना दोन्ही खुणा पाहायच्या: यादीतला दुवा सक्रिय आहे किंवा डर्टी रेकॉर्डांची साखळी रिकामी नाही, यातलं एक जरी खरं तरी फाइल डर्टी. तिसरी निवडली गेली. फंक्शन सगळ्या गठ्ठा-कप्प्यांवरून फिरतंच, त्यात एक ‘किंवा’ वाढला. खर्च नगण्य.

ही अट आधीच का नव्हती, हा प्रश्न मला दुरुस्तीपेक्षाही मोलाचा वाटतो. इतिहास पाहिला तर ही तपासणी अनेकदा बदललेली दिसते. कधी ती दुवा पाहायची, कधी रेकॉर्ड. केवळ मेटाडेटा बदलला तरी भोकं कळवता यावीत म्हणून एक बदल आला, तो मागे घेतला गेला; मेमरी-मॅप केलेल्या फाइलींची सुसंगती राखायला दुसरा आला. प्रत्येक बदलाला त्या-त्या वेळी खरं कारण होतं. पण प्रत्येक वेळी एक खूण टाकून दुसरी घेतली गेली. नव्या फाइलच्या पहिल्या ब्लॉकमध्ये लिहिताना मात्र दोन्ही लागतात, कारण तेव्हा डीनोडही बदलतो, निदान ब्लॉकचा आकार तरी, आणि रेकॉर्डही जोडले जातात. म्हणून अशा फंक्शनला हात लावण्याआधी त्याचा गिटमधला सगळा इतिहास ओळीनिहाय वाचावा. एकच अट पुढे-मागे होताना दिसली, तर तिथे अजून कुणी न मांडलेला नियम दडलेला असतो.

दुरुस्ती झाली हे कशावरून

‘रात्रभर चालवलं, काही झालं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. आधी दोषाचं प्रमाण मोजा. दुरुस्तीपूर्वी सरासरी २०० फेऱ्यांत एकदा दोष येत असेल, तर दुरुस्तीनंतर ९५ टक्के खात्रीसाठी सलग ६०० फेऱ्या निर्दोष जायला हव्यात, ९९ टक्क्यांसाठी सुमारे ९२०. हिशोब सोपा आहे: ९५ टक्क्यांसाठी प्रमाणाच्या व्यस्ताची तिप्पट, ९९ साठी ४.६ पट. फेऱ्या त्याच यंत्रावर, तेवढ्याच समांतर कामानं झाल्या पाहिजेत. आणि विलंब घातलेला कोड तसाच ठेवून त्यावर दुरुस्ती लावा. रुंदावलेल्या फटीतही दोष येत नसेल, तर ती खात्री साध्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी.

प्रमाण घटवणं आणि दोष काढणं यांतला फरक या प्रकरणात स्पष्ट दिसतो. मघा आलेल्या डीएमयू-ऑफसेट-नेक्स्ट-सिंक या पॅरामीटरचं मूल्य शून्य केलं की एलसीकमुळे होणारे बळजबरीचे सिंक थांबतात आणि टक्करी फार कमी होतात. फ्रीबीएसडीच्या सूचनेत हा उपाय दिला होता आणि सोबत हेही सांगितलं होतं, की शक्यता खूप घटते पण पूर्ण जात नाही. कारण उघड आहे: फट तशीच आहे, आणि नेहमीचा गठ्ठा पुढे सरकताना तिच्यातून जातोच.

खरी दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२३ रोजी २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत आली. तुमच्या यंत्रावर झेडएफएस व्हर्जन ही कमांड चालवा. ती दोन ओळी दाखवते, साधनांची आवृत्ती आणि कर्नल मॉड्यूलची. इथे दुसरी महत्त्वाची. पॅकेज अद्ययावत झालं तरी रीबूट होईपर्यंत, किंवा मॉड्यूल काढून पुन्हा घालेपर्यंत, जुनंच मॉड्यूल चालू असतं. काही वितरणांनी आवृत्ती क्रमांक न बदलता दुरुस्ती मागे आणून लावली आहे, तेव्हा क्रमांक जुना दिसला तर पॅकेजचा चेंजलॉग वाचा. लगेच अद्ययावत करणं शक्य नसेल तर वरचा पॅरामीटर सिस फाइल सिस्टीममधून शून्य करा आणि मॉडप्रोबच्या कॉन्फिगरेशनमध्येही लिहून ठेवा, नाहीतर रीबूटनंतर तो पूर्ववत होईल.

आधीच बिघडलेल्या फाइली शोधायला नेमकं साधन नाही. शून्यांच्या लांब रांगा असलेल्या फाइली शोधणाऱ्या स्क्रिप्ट फिरल्या, पण डिस्क इमेज, डेटाबेस, संकलित बायनरी यांत अशा रांगा रास्तपणे असतात. भरवशाची तपासणी एकच: बाहेरून मिळालेल्या हॅशशी (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाशी) तुलना. वितरणाच्या पॅकेजमधल्या फाइलींसाठी आरपीएमचा व्हेरिफाय पर्याय किंवा डेबियनवर डेबसम्स वापरा. स्वतः बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या प्रती पुन्हा बांधून ताडा, कारण बिल्डमध्ये फाइल लिहिली जाते आणि त्याच क्षणी इन्स्टॉलसाठी कॉपी होते. धोका सर्वांत जास्त तिथेच होता. आधी लिहून ठेवलेल्या आणि नंतर निवांत कॉपी केलेल्या फोटो-कागदपत्रांसारख्या फाइली या फटीत सापडण्याची शक्यता फार कमी, कारण कॉपी सुरू होईपर्यंत त्यांचे ब्लॉक डिस्कवर गेलेले असतात.